तीन बाटल्यांतलं पाणी

पाणी तपासणीच्या खिडकीशी ती तीन बाटल्या घेऊन उभी राहिली, तेव्हा आतल्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "घरात आजारी कोण?"

"मासे," ती म्हणाली.

आता मात्र त्याने मान वर केली. समोर एक सडपातळ मुलगी. बोटांना पांढरं प्लास्टर चिकटलेलं आणि चेहरा असा, की कुणी हसलं तर ती एक तर भांडेल नाहीतर रडेल. तो हसला नाही. तेवढ्यावरच ती तिथे थांबली.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. ती दातांच्या कारखान्यात कवळ्या घडवायची. दहा दिवसांपूर्वी तिचे मामा गेले. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. मागे राहिल्या त्या माशांच्या तीन काचेच्या टाक्या. घर भाड्याचं, महिनाअखेर रिकामं करून द्यायचं. नातेवाइकांनी कपाट नेलं, रेडिओ नेला, मामांची छत्रीसुद्धा नेली. माशांकडे कुणी बघेना. आई म्हणाली, तळ्यात सोडून दे, सुटतील बिचारे. तिने मनाशी ठरवलं होतं, एक मोठी टाकी घ्यावी आणि सगळ्यांना त्यात ठेवावं. एकाच घरचे मासे, घेतील सांभाळून. पण टाक्या विकणारा दुकानदार म्हणाला, आधी पाणी तपासून आण, मग शहाणपणा कर.

त्याने तिन्ही बाटल्यांतलं पाणी काचेच्या नळ्यांत ओतलं, वर औषधाचे थेंब टाकले आणि नळ्या उजेडाकडे धरल्या. मग तो चक्क खिडकीमागून उठून बाहेर आला.

"ही कुठकुठली?"

"एकाच खोलीतली."

"शक्यच नाही." त्याने नळ्या तिच्यासमोर धरल्या. एक हिरवी झाली होती, एक पिवळी, एक निळी. "हे पाणी पावसासारखं हलकं आहे. हे साधं, नळाचं. आणि हे... दगड विरघळवून घ्यावेत इतकं जड. तुमच्या मामांनी एका नळाखाली तीन मुलूख वसवलेत, बाई."

इतकी वर्षं मामांकडे जाऊन तिने फक्त मासे पाहिले होते. पाणी कधी पाहिलंच नव्हतं.

"मला ते बघायला मिळेल?" त्याने विचारलं आणि लगेच जोडलं, "म्हणजे... ऑफिसच्या दृष्टीने."

ऑफिसला असली दृष्टी नसते हे तिला कळत होतं. तरी ती हो म्हणाली.

मामांच्या खोलीत तो आला तो दारातच थबकला. भिंतीशी तीन टाक्या तीन रंगांनी उजळलेल्या. उबदार टाकीत ताटलीएवढे चपटे मासे एकमेकांना वाट देत इतके हळू वळत होते, की बघणाऱ्याचा श्वासही हळू व्हावा. खिडकीजवळच्या गार टाकीत सोनेरी मासे, जाडजूड, शेपट्या झुलवत. आणि तिसऱ्या टाकीत नुसत्या दगडांच्या राशी. त्यांच्या फटींतून निळे मासे विजेसारखे येत-जात.

"आणि ही मालकीणबाई," ती म्हणाली.

एका दगडाच्या आडोशाला एक करडी, ठिपकेवाली मासोळी निश्चल उभी होती. नाव मामांनीच ठेवलेलं. ती त्यांच्या बोटांतून दाणे खायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. मामा गेले त्या आठवड्यापासून तिने एक दाणा घेतला नव्हता. दुकानदाराने खोलीवर येऊन बघितल्या बघितल्या निकाल दिला होता, घसा सुजलाय, ही चालली, बाकीच्यांना घेऊन जायच्या आत वेगळी काढा.

"तिला कळलंय, मामा नाहीत ते," ती हळूच म्हणाली. "ही गेली ना, तर मामांचं आमच्याकडे काहीच उरणार नाही. बाकी सगळं वाटून झालंय."

तिची समजूत काढायला तो काहीही बोलू शकला असता. पण तो म्हणाला, "मला मासे कळत नाहीत. मला फक्त पाणी कळतं. तेवढं मी करू शकतो."

आणि त्याने ते केलं. सोनेरी मासे वाचनालयाच्या अंगणातल्या दगडी हौदात गेले. चपटे मासे गाणं शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे गेले. बाईंना स्वतःलाच थंडी सोसत नसे, त्यामुळे माशांची काळजी त्यांना न सांगताच कळली. पण मासा उचलला आणि टाकला असं चालत नाही. तो त्याच्या जुन्या पाण्यासकट बादलीत ठेवायचा, नव्या पाण्याची बारीक नळी वर टांगायची, नळीला गाठ मारायची आणि थेंब थेंब पाणी पडू द्यायचं. घाई केली तर मासा वरून धड दिसतो आणि चार दिवसांनी मरतो. तीन-तीन तास लागत. बादलीच्या एका बाजूला तो बसे, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये टप... टप...

अशा वेळी माणूस बोलणार नाही तर काय करणार? त्याला खिडकी सताड उघडी लागे. ती उठून लावून घेई. तो पहाटे उठणारा, हिची सकाळ साडेआठला. तो तिला 'कवळीवाल्या बाई' म्हणू लागला, ती त्याला 'पाणीवाले'.

"आपल्याला एका टाकीत ठेवलं तर एक दिवस टिकणार नाही," एकदा ती म्हणाली.

"मोजून बघितल्याशिवाय मी असली विधानं करत नाही," तो बादलीकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

राहिले निळे मासे आणि मालकीणबाई. इतकं जड पाणी कुणाच्या घरी असणार? महिना संपायला पाच दिवस उरले, तसं त्याने घसा खाकरून सांगितलं, "आमचं घर खाणीशेजारी आहे. विहिरीचं पाणी असं, की किटली दर आठवड्याला खरवडावी लागते. साबणाला फेस येईल तर शपथ. मी... एक टाकी भरून ठेवलीय. मामांच्या टाकीतले थोडे खडेही नेऊन टाकलेत, पाणी मुरायला."

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस."

तिने मनात दिवस मोजले आणि मान खाली घातली.

न्यायच्या दिवशी मात्र दोघांची जुंपली. त्याचं म्हणणं, मालकीणबाईला बरोबर नको. "वीस मासे निरोगी आहेत. एकीसाठी सगळ्यांचा जीव धोक्यात घालायचा?"

"मग मीही येत नाही."

"अहो, हट्ट कसला करता? ती वाचणार नाहीय."

ती टाकीसमोर उकिडवी बसली. डोळे भरून आले होते. निरोप घ्यावा म्हणून तिने काचेला नाक लावलं. आणि बघता बघता तिचं रडणं थांबलं. रोज शेकडो तोंडांचे साचे हाताळणारी मुलगी ती.

"इकडे या. तिची हनुवटी बघा."

तो वाकला.

"आमच्याकडे दातांचं माप घेताना तोंडात लगदा भरतात आणि सांगतात, हलू नका, गिळू नका. तेव्हा माणसं हनुवटी अशीच धरतात. अगदी अश्शी. हिचा घसा सुजलेला नाही. हिच्या तोंडात काहीतरी आहे आणि ते तिने सांभाळून धरलंय."

"काय?"

"ते मला काय माहीत? पण माणसं दोन मिनिटांत रडकुंडीला येतात. ही तीन आठवडे धरून बसलीय."

तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि हातातली जाळी त्याने गुंडाळून ठेवली. "जाळी नको. पाण्याबाहेर काढायचीच नाही तिला," एवढंच म्हणाला. दोघांनी मोठा वाडगा पाण्यात बुडवून तिला अलगद, पाण्यासकट उचललं.

खाणीशेजारच्या घरात दुपारी एकला मालकीणबाईची वेगळी बादली ठेवली. त्याची आई येऊन बघून गेली, मुलीकडे अंमळ जास्तच बघितलं, आणि चारला चहा टाकते म्हणाली. टप... टप... चार वाजले. ऊन तिरपं होऊन बादलीच्या तळापर्यंत पोचलं.

तेव्हा मालकीणबाईने तोंड उघडलं.

आधी एक ठिपका बाहेर आला. ठिपक्याला डोळे होते. मग दुसरा, तिसरा, मग ढगासारखं काहीतरी तिच्या ओठांतून सांडलं. नखाएवढीही नाहीत अशी पिल्लं, प्रत्येकाला शेपूट, प्रत्येकाला कल्ले, सगळी आईच्या नाकासमोर थरथरत उभी. दोघांनी श्वास रोखला. नीट दिसावं म्हणून तो पुढे झुकला, त्याची सावली पाण्यावर पडली... आणि एका निमिषात सगळी पिल्लं उलट वळली, आईच्या उघड्या तोंडात शिरली. तोंड मिटलं. बादलीत पुन्हा एकटी करडी मासोळी, हनुवटी घट्ट धरून.

आतून त्याच्या आईने चहाला दोनदा हाक मारली.

"मला वाटलं ती दुःखाने उपाशी आहे," अखेर ती म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ती हसत होती. "तिचं तर घर भरलेलं होतं."

"आणि मी तिला मागे ठेवणार होतो," तो म्हणाला. "तू नसतीस तर..."

'तू' म्हटल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने जीभ चावली. तिने ते दुरुस्त केलं नाही.

मग ती रोज कारखाना सुटल्यावर खाणीकडे येऊ लागली. पाचव्या दिवशी पिल्लं दगडांच्या फटींत पांगलेली होती, मोजू गेलं तर कधी सतरा, कधी बावीस. तिने दोन दाणे बोटांत धरून पाण्यात हात बुडवला. मालकीणबाई आडोशातून निघाली, सावकाश वर आली, बोटांपाशी क्षणभर थांबली. आणि मामांच्या बोटांतून घ्यायची तसाच तिने दाणा घेतला.

तिने हात तसाच पाण्यात राहू दिला. मागे तो उभा होता, हे तिला न बघता कळत होतं.

"पाणीवाले," ती म्हणाली, "तुमच्या घरचं हे जड पाणी... मला मानवेल का?"

नळीतला रंग बदलायची वाट बघावी, तसा तो पाण्याकडे बघत राहिला.

"सावकाश घेतलं तर मानवेल. थेंब थेंब. मला अजिबात घाई नाही."

"मला आहे," ती म्हणाली.

खिडकीतून खाणीवरचा गार वारा आत येत होता. त्या दिवशी ती खिडकी लावायला उठली नाही.