चवळी सोड, मग बघू

न्येबा दियारा रेडिओवर हरवलेल्या बकरीची जाहिरात वाचत होती आणि वीज गेली. बकरी काळी, एक कान फाटका, एवढंच सेगू शहराला कळलं. मालकाचं नाव तिच्या ओठांतच राहिलं. वैतागून ती केंद्राच्या गच्चीवर गेली, तर तिथे एक उंच तरुण दातांत वायर धरून सौर पॅनेल जोडत बसलेला. मॉन्ट्रियलमधल्या सेगूकरांनी वर्गणी काढून पाठवलेले पॅनेल, आणि त्यांच्यासोबत आलेला हा.

"अजून किती वेळ?" तिने विचारलं.

"आडनाव काय तुमचं?"

"दियारा."

त्याने वायर काढली आणि तो मनापासून हसला. "मग बस निवांत. मी त्राओरे. तुम्ही आमच्या घरचे चाकर, तुम्हाला कसली घाई?"

दियारा आणि त्राओरे या दोन घराण्यांचं नातंच थट्टेचं, वाडवडिलांपासूनचं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, चाकर म्हणावं, चवळीखाऊ म्हणावं, राग मात्र धरायचा नाही.

"त्राओरे का?" न्येबा म्हणाली. "तरीच म्हटलं, गच्चीवर आज एवढा वारा कसा सुटलाय! सकाळी किती वाट्या चवळी खाल्लीस, चवळीखाऊ?"

त्याचं नाव सिरिमान. जन्म मॉन्ट्रियलचा, पण बापाने जेवताना सगळे टोमणे शिकवले होते. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या टेबलावर काळ्या पिशवीत चवळी ठेवू लागला. "चाकरांचा शिधा," म्हणायचा. न्येबाची आत्या त्या चवळीची भजी तळायची, आणि निम्मी भजी परत त्यालाच जायची. न्येबा बातम्या वाचायला बसली की तो काचेपलीकडे उभा राही... मग मंत्र्यांची नावं चुकत, आणि चूक कोणाची यावर पुन्हा भांडण.

असे दोन महिने गेले. एका सोमवारी गच्चीवर सगळे चहा घेत असताना सिरिमान एकदम म्हणाला, "दियारा, माझ्याशी लग्न करशील?"

सगळ्यात मोठ्याने हसले ते केंद्राचे प्रमुख कुयातेबाबा. न्येबाही हसली. "चवळी सोड, मग बघू."

तो हसला नाही. निदान तिला तसं वाटलं... आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला.

मंगळवारी ती बातम्या वाचत असताना तो आला, नेहमीची काळी पिशवी टेबलावर ठेवली, काचेपलीकडून मान झुकवली — अगदी अदबीने, जणू ती कुणी परकी बाई — आणि निघून गेला. टोमणा नाही, चाकर नाही, काही नाही. न्येबाला ते लागलं. तिने पिशवी न उघडताच फडताळावर फेकली.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. रागावला असेल? पण राग धरायचाच नसतो. ती दोनदा गच्चीवर जाऊन आली. पॅनेल उन्हात तळपत होते, वीज सुरळीत होती, आणि तिला प्रथमच वाटलं, आता एकदा वीज गेली तर बरं, म्हणजे तो येईल. शुक्रवारी कुयातेबाबा सहज बोलून गेले, "पोरगा आज चारच्या बसने बामाकोला चाललाय. उद्या विमान."

दुपारी ती घरी गेली आणि पिशवी आत्यासमोर आदळली. "घे, तळून टाक. शेवटचीच आहे."

आत्याने पिशवी उघडली. आत केळीच्या पानांची पुरचुंडी होती. आत्याने ती सोडली आणि कढई बाजूला सारली.

"ही चवळी नव्हे, पोरी. हा कोला आहे. मोजून दहा बिया आहेत." आत्याने एक बी उचलली, ती आता सुकायला लागली होती. "लग्नाच्या मागणीचा. कधीपासून पडलाय हा तुझ्याकडे?"

न्येबा तोवर रस्त्यावर पोचलीसुद्धा होती.

बसच्या टपावर बॅगा चढत होत्या. सिरिमान शिडीजवळ उभा होता, तिला पाहून अवघडला.

"तीन दिवस वाट पाहिली," तो म्हणाला. "म्हटलं, नकार असेल. इथल्या प्रसूतिगृहावर पॅनेल बसवायचे बाकी आहेत, पण मॉन्ट्रियलला कळवून टाकलं... दुसरा माणूस पाठवा."

"मला वाटलं चवळी आहे."

"तूच म्हणालीस ना, सोड म्हणून? सोडली मी."

न्येबा दोन पावलं पुढे आली.

"कोला कुणी मुलीच्या टेबलावर ठेवतं का?" ती कशीबशी म्हणाली. "माझ्या काकांकडे पाठवायचा असतो. भाटाच्या हाती."

"बाबांनी टोमणेच शिकवले. मागणी घालायला शिकवायचं राहून गेलं. इथे माझं कोण आहे पाठवायला?"

"कुयातेबाबा भाटांच्या घराण्यातले आहेत. त्यांचं कामच ते. नवा कोला घे, हा वाळला."

"आणि काका हसले तर? त्राओरे दियाराच्या दारात — त्यांनाही थट्टाच वाटेल."

"हसू देत. मी आतच बसलेली असेन," न्येबा म्हणाली. "मी हसणार नाही."

तो शिडीवरून टपावर चढला. बॅगांच्या ढिगातून आपली बॅग ओढून काढली, खांद्यावर टाकली. खाली ड्रायव्हर शिव्या देत होता.

"सिरिमान," न्येबाने हाक मारली.

दोन महिन्यांत तिने त्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. तो शिडीवर एक पाय ठेवून थबकला.

"सावकाश उतर," ती म्हणाली.