रिकाम्या जीपची वेळ

सकाळी तो माणूस आमच्या दवाखान्याच्या फाटकात बटणाचं घड्याळ घेऊन उभा होता. मग जीपमध्ये बसून घाट उतरून गेला, आणि दुपारी परत तिथंच हजर! मला राहवेना. हातातलं काम टाकून मी बाहेर गेले.

"काय हो, काही हरवलंय का?"

"नाही सिस्टर... वेळ मोजतोय." तो चक्क लाजला. "मी आरोग्य कार्यालयातून आलोय. इथून खालच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचायला दोन तासांच्या वर लागले, तर तुमच्या दवाखान्याला स्वतःची ॲम्ब्युलन्स मिळते."

"मग? किती लागले?"

"एक तास पन्नास."

माझं डोकंच फिरलं. दहा मिनिटांवरून आमची ॲम्ब्युलन्स जाणार!

"रिकाम्या जीपनं मोजलंत?"

"हो... पण रस्ता तर तोच ना?"

"अहो शहाणे, मागं पेशंट आडवा असला की जीप अशी पळते का?"

"मग कशी पळते?" त्यानं विचारलं. चेष्टेनं नाही हं... त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या नजरेनंच सगळा घोळ केला.

"चला, दाखवते!"

दारातून ऐकत असलेल्या आमच्या डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "जा, मी सांभाळते इथलं." मी मागच्या सीटवर आडवी झाले. "माझं मांडीचं हाड मोडलंय," असं जाहीर केलं आणि सलाईनची बाटली त्याच्या हातात दिली. "ही उंच धरायची. थेट हॉस्पिटलपर्यंत."

"थेट?"

"जीपमध्ये खुंटी दिसतेय का कुठं?"

जीप गावातल्या ड्रायव्हरकाकांची. आमचे पेशंट तेच नेतात, त्यामुळे त्यांना काही सांगावं लागलं नाही. खड्डा आला की मी "आई गं!" करायचे आणि काका गाडी अगदी हळू घ्यायचे. पहिल्या खड्ड्याला तो हसला. चौथ्या वळणावर त्याचं हसू गेलं.

"दुखलं का हो?"

"खोटंखोटं दुखतंय."

"माझा हात मात्र खरंच दुखतोय..."

मला हसू फुटलं. खालून बघताना त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण दिसली. मी उगीचच नजर वळवली.

"तुम्ही एवढ्या का पेटून उठलात?" त्यानं हळूच विचारलं.

मग मी सांगितलं. गेल्या वर्षी एका आजींना हार्ट अटॅक आला. याच सीटवर, माझा हात धरून त्या विचारत होत्या, "बाई, अजून किती?" मी म्हणत होते, "आलंच!" खोटं बोलत होते हो मी... हॉस्पिटल वीस मिनिटांवर असताना त्या गेल्या. ॲम्ब्युलन्स असती, तर निदान ऑक्सिजन तरी लावता आला असता. मला रडू आवरेना. त्यानं बाटली आणखी उंच धरली.

हॉस्पिटलच्या दारात जीप थांबली. हा आपला माझ्याकडेच बघतोय!

"अहो, घड्याळ!"

त्यानं दचकून बटण दाबलं. दोन तास पस्तीस मिनिटं. तिथंच वहीत लिहून त्यानं खाली सही ठोकली.

तीन महिन्यांनी आमची ॲम्ब्युलन्स घाट चढून आली. मागचं दार उघडलं, आणि आतून हाच उतरला! हातात तेच घड्याळ, चालू.

"आता काय मोजताय?"

"माझ्या घरापासून... तुमच्यापर्यंत." त्याचे कान लाल झाले. "रोज यायला जमेल का, ते बघत होतो."

माझ्या छातीत धडधडत होतं. पण माझी जीभ कधी गप्प बसलीय?

"रोज कशाला घाट चढायचा? राहा की इथंच!"

तो नुसता बघत राहिला. घड्याळ पुन्हा विसरला. शेवटी मीच पुढे झाले, त्याच्या बोटावर बोट ठेवलं आणि बटण दाबलं.