शंभर पौंड बर्फ

जर्सी सिटीत जुनी लाकडी घरं ओळीनं उभी असायची, तेव्हाची ही गोष्ट. चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबर. माणूस आपल्या ओळखीतला, म्हणून आडनाव विचारू नका. नाव दिगंबर. पाइपांची ड्रॉइंग्ज काढणारा इंजिनिअर, अगदी सरळमार्गी, भुताखेतांचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जाणारा. काम तसं साधंच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच कोपऱ्यात फुटली होती आणि थंडी पडायच्या आत ती बदलून घ्यायची होती.

घरमालकीण मिसेस हॅनिगन खालच्या मजल्यावर राहायची. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी, त्याच घरात जन्मलेली. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे दीड वर्षात ती एकदाही वर आली नव्हती. त्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास काच बघायला म्हणून ती मागच्या अंगणात गेली आणि पाचेक मिनिटांनी जिन्यावर तिची काठी वाजायला लागली. एक पायरी चढायची, थांबायची. पुन्हा एक पायरी. दिगंबरची बायको सुमेधा लगबगीनं खुर्ची पुढे करायला गेली, पण म्हातारी बसली नाही. खिडकीकडे काठी दाखवून तिनं विचारलं, की ते कार्ड तुम्ही कुठून आणलंत?

आता त्या कार्डात विचारण्यासारखं काय होतं? आदल्या वर्षी घर भाड्यानं घेतलं तेव्हा ओट्याखालच्या ड्रॉवरमागे एक जाड, पिवळं पडलेलं चौकोनी कार्ड सापडलं होतं. चारी कडांना चार आकडे छापलेले: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. या जानेवारीत काच फुटली तेव्हा दिगंबरनं ते फुटक्या जागेवर टेप लावून चिकटवून टाकलं, वारा थांबला, विषय संपला. कोरी बाजू आत ठेवली, ती बरी दिसत होती म्हणून. आकडे गेले बाहेर. वर कुठला आकडा आला, हे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. शंभर आला होता.

म्हातारी मग हळूहळू बोलायला लागली. ती लहान होती तेव्हा ह्या गल्लीत घोड्याची बर्फगाडी यायची. घरोघरी जस्ताचा पत्रा ठोकलेली लाकडी पेटी असायची, तिच्यात बर्फ ठेवायचा, आणि खालची परात पाण्यानं भरली की ती ओतून यायचं काम हिचं. बर्फवाल्याला हाक मारावी लागत नसे. खिडकीत कार्ड लावायचं, हवे तेवढे पौंड तो आकडा वर करून. तो खालूनच बघायचा, खांद्यावर कातडं टाकायचा, लोखंडी चिमट्यात लादी धरायचा आणि मागच्या जिन्यानं वर. कधी बेल नाही, कधी शब्द नाही. बर्फ भुशात ठेवलेला असायचा, त्यामुळे जिन्यावर ओल्या भुशाचा वास राहायचा. दिसेल त्या पोराच्या हातावर तो बर्फाची कपची ठेवायचा, असंही तिनं सांगितलं आणि स्वतःशीच हसली.

"पंचवीस, पन्नास नेहमीचे," ती म्हणाली. "शंभर मात्र क्वचित. शंभर वर दिसला की गल्लीला कळायचं, ह्या घरात कुणीतरी गेलंय आणि लांबून कुणीतरी यायचंय."

तिचे वडील बारा साली गेले. स्क्रॅन्टनहून काका यायचा होता, म्हणून तीन दिवस त्यांना पुढच्या खोलीत बर्फावर ठेवलं होतं. काका आला, तोंड बघितलं, आणि मग आईनं स्वतःच्या हातानं कार्ड खाली काढलं. कार्ड काढेपर्यंत तो येतच राहतो, म्हातारी म्हणाली. येणारा माणूस आला की नाही, ते त्याला काय माहीत?

मागच्या दारातलं पायपुसणं तिनं काठीनं दाबलं. आदल्या दिवशीचं पाणी वर आलं. ते रोज सकाळी दहाच्या सुमारास ओलं व्हायचं, गेले दहा महिने. छपराची पन्हळ गळत असेल, असं नवरा-बायकोनं ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात महिनाभर पाऊस नव्हता तेव्हाही ते ओलंच असायचं, पण तेव्हा ते दोघंही त्याबद्दल बोलले नव्हते.

"कोण गेलं तुमच्याकडे?" म्हातारीनं विचारलं.

दिगंबरनं मान हलवली. कुणी नाही, म्हणाला. सुमेधा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

गेली होती त्याची आई. त्याच वर्षी जानेवारीत, मिरजेला. थोरली बहीण सरलाताई आणि भाऊजी एकनाथ तिथंच असायचे, भाऊजींचा दवाखाना होता म्हणून घरात फोन. ताईचा फोन आला तेव्हा सुमेधा कामावर होती. ताई रडत नव्हती, रडून झालं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "आईला बर्फावर ठेवलंय रे. किती वेळ ठेवायचं?" आणि दिगंबर म्हणाला होता, "ठेवा. निघतो मी."

एकुलता एक मुलगा. तिकीट काढलं, सुमेधानं बॅग भरून दिली, न्यूयॉर्कच्या विमानतळावर तो वेळेत पोचलासुद्धा. गेटपाशी खुर्चीवर बसला. आणि बसल्या बसल्या त्याला दिसायला लागलं: मिरजेच्या घराचा मागचा सोपा, बर्फाच्या लाद्या, भुसा, आणि त्यावर आई. ती थंडीला किती भ्यायची! ऑक्टोबर लागला की कानाला पदर. विमान लागलं, लोक उठले, नाव पुकारलं गेलं, दोनदा. दिगंबर उठलाच नाही. बर्फाच्या वादळानं फ्लाइट कॅन्सल झाली, असं त्यानं घरी येऊन सांगितलं, आणि दोन दिवस फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. येतोय म्हणून सांगितलं होतं. येत नाही, हे त्यानं कधी सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी अग्नी दिला.

तेव्हापासून त्याची बोटं बधिर होती. बोटं काय, सगळा माणूसच. रडणं नाही, चिडणं नाही, कशाची चव नाही. एकदा पोळी उलटताना बोट तव्याला टेकलं ते तसंच राहिलं, आणि करपल्याचा वास सुमेधाला आला तेव्हा त्याला कळलं. डॉक्टरांनी सुया टोचून बघितल्या, सगळं नॉर्मल निघालं. दिगंबरला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर ते सोयीचंच होतं.

म्हातारी खाली गेल्यावर सुमेधा म्हणाली, काढून टाका ते, मला नको घरात. त्यानं खुर्ची ओढली, टेप सोडवली आणि कार्ड काढलं. फटीतून वाऱ्याची तिरीप आली. तिनं चहाचा कप त्याच्या हातात दिला मात्र, त्याचा हात झटकन मागे आला. कप फरशीवर फुटला.

"भाजलं," तो म्हणाला. आणि तिथंच, त्या सांडलेल्या चहात बसून, दहा महिन्यांनी पहिल्यांदा तो रडला. हमसून हमसून रडला. विमानतळाचं खरं खरं सांगून टाकलं. सुमेधानं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि म्हणाली की वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलंय, या वेळी जाऊन या, ताईंच्या पाया पडा, मोकळे व्हा. तो हो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मी शपथेवर सांगेन. दुपारी तिनं माळ्यावरून बॅगसुद्धा काढली.

त्या दिवशी दहा वाजून गेले तरी पायपुसणं नव्यानं ओलं झालं नाही. रविवारी तर पार कोरडं.

रविवारी सकाळी साडेदहाला त्यानं मिरजेला फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ. येतोय म्हणाल्यावर ताई आनंदेल, निदान दोन शिव्या तरी देईल, असं त्याला वाटत होतं. ताईनं हळू आवाजात विचारलं, "दिगू, बर्फ तू बंद केलास का?"

कुठला बर्फ, तो म्हणाला.

ताई सांगायला लागली. जानेवारीत पहिल्या दिवसाचा बर्फ भाऊजींनी कारखान्यातून आणला होता. दुसऱ्या दिवशीचा आणायला ते निघाले, तर मागच्या सोप्यावर लाद्या आधीच येऊन पडलेल्या. खांद्यावर कातडं टाकलेला एक उंच माणूस दारातून वळून जाताना शेजारणीनं पाहिला होता. दिगूनं तिकडून व्यवस्था केली असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग आईला नेलं, अग्नी दिला, दिवसवार झाले. पण सोपा काही वाळेना. रोज रात्री साडेआठला ओला, भर मे महिन्यातही, आणि पाण्यात भुसा. ताईनं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज पुसून घ्यायची.

"काल आला नाही," ती म्हणाली. "आजही नाही. सोपा कोरडा आहे... पण दिगू, वास यायला लागलाय."

"कसला?"

"तेव्हा पहिल्या दिवशी, बर्फ यायच्या आधी येत होता... तसाच. सोप्यावर काही नाही रे. मी दिवा घेऊन बघितलं. काहीच नाही. नुसता वास... तू ये. आता तू तोंड दाखवलंस की सुटेल ती. येतोयस ना?"

दिगंबरच्या दहाही बोटांना मुंग्या आल्या होत्या. रिसीव्हर हातात टोचत होता. पुन्हा तो सोपा, पुन्हा त्या लाद्या, आणि या वेळी त्यावर काय असेल? दहा महिने झालेलं? हे सगळं त्याला लख्ख जाणवत होतं, एकेक गोष्ट, काहीही बधिर नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "निघतो मी."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. कार्ड ओट्यावरच होतं. त्यानं शंभरचा आकडा वर धरला, बाहेरच्या बाजूला केला, आणि टेप लावली. आतल्या खोलीतून सुमेधानं विचारलं, काय करताय? वारा येतोय, तो म्हणाला. खुर्चीवरून उतरेपर्यंत बोटांतल्या मुंग्या थांबल्या होत्या. त्यानं ओट्यावरचा गरम तवा चिमटीत धरून बघितला. काही नाही. बरं वाटलं.

सोमवारी तो नेहमीसारखा ऑफिसला गेला. संध्याकाळी परतला तर मिसेस हॅनिगन खालच्या दारात त्याचीच वाट बघत उभी होती. जिन्यात ओल्या भुशाचा वास होता. म्हातारीचा चेहरा उतरलेला, पण आवाज शांत. सकाळी दहाला माणूस येऊन गेला, ती म्हणाली. लहानपणी कधी त्याचं तोंड उघडलेलं पाहिलं नाही, आज मात्र तो माझ्या दारापाशी थांबला आणि त्यानं काहीतरी विचारलं. इंग्रजी नव्हतं, तुमच्या भाषेतलं असावं. दोनदा विचारलं. म्हणून मी ऐकू आलं तसं लिहून ठेवलंय.

तिनं एक जुना लिफाफा पुढे केला. मागच्या बाजूला थरथरत्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. दिगंबरनं ती आधी मनात वाचली. मग त्याच्याच नकळत ओठ हलले.

"किती वेळ ठेवायचं?"

म्हातारीनं विचारलं, ह्याचा अर्थ काय?

"काही नाही," दिगंबर म्हणाला. "पत्ता चुकला असेल."

तिनं मान हलवली. पटलं नव्हतं तिला. जिन्याच्या अंधाऱ्या वळणाकडे एकदा बघून तिनं दार लोटत आणलं, आणि फटीतून म्हणाली, "मी तरी काय सांगणार? त्याला म्हटलं, उद्या ते स्वतः घरी थांबतील. त्यांनाच विचार."