हातोडा की सावली

क्लबसमोरच्या टपरीवर उभ्याउभ्या चहा घेताना शेजारी कोण काय बोलतंय याकडे ती कधी लक्ष देत नसे. पण त्या संध्याकाळी पाठीमागून एक आवाज आला, अगदी निवांत, जणू साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगतोय असा. या दशकातला सगळ्यांत मोठा बॉक्सर हातोडाच, आणि दुसरं नाव घेणाऱ्याला बॉक्सिंग कळत नाही, असं त्या आवाजाचं म्हणणं होतं.

झालं. तिला कुठलं राहवतंय! कप हातात तसाच धरून ती गर्रकन वळली.

"दुसरं नाव सावली," ती म्हणाली. "आणि मला बॉक्सिंग कळतं."

उंच, किडकिडीत माणूस होता. बाहीवर आयोडीनचा डाग. तो रागावला नाही, उलट बाकावर सरकून त्यानं जागा केली. "मग बसा ना. भांडण मोठं दिसतंय, पाय दुखतील."

ती बसली नाही. बसावंसं वाटलं होतं, पण तसं दाखवील तर ती कसली?

दुसऱ्या दिवशी कळलं, की हा तर क्लबचा नवा डॉक्टर. आणि त्याला कळलं, की रिंगच्या कडेला बसून गुण देणारी पंचबाई म्हणतात ती हीच, क्लब चालवणाऱ्या मास्तरांची लेक. दोघांनी एकमेकांना ओळख न दाखवण्याचा प्रयत्न केला, तो दोघांनाही जमला नाही.

आता क्लबची एक जुनी रीत होती. दर दहा वर्षांनी हॉलच्या भिंतीवर त्या दशकातल्या एकाच बॉक्सरचं चित्र लागायचं. तो कोण, हे ठरवायचं क्लबच्या पंचानं आणि क्लबच्या डॉक्टरनं. एकानं गुण पाहिलेले, दुसऱ्यानं जखमा. दोघांचं एकमत झालं की माणूस खरा, असा हिशेब. एकमत होईस्तोवर दर शनिवारी बसायचं. मागच्या वेळी जुना पंच आणि जुने डॉक्टर चहा निवायच्या आत मोकळे झाले होते. यंदा मात्र घोडं अडलं ते अडलंच.

हातोड्याचा ठोसा बसला की समोरचा उठत नसे. सावलीला ठोसा बसतच नसे. तो असा काही सरकायचा, की मारणाराच दमून जायचा. ती म्हणायची, मारणं कुणालाही येतं, चुकवणं ही कला. डॉक्टर म्हणायचा, नुसतं चुकवायचंच होतं तर घरी बसायचं, रिंगमध्ये कशाला यायचं? मग ती चिडायची. चिडली की तिच्या भुवया जवळ यायच्या, आणि त्या तशा याव्यात म्हणून तो मुद्दाम काहीतरी बोलायचा. हे तिला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. कळूनही ती चिडायचीच.

शनिवारची तिला वाट पाहावीशी वाटू लागली. दुसरी सोयच नव्हती ना! एरवी डॉक्टर क्लबमध्ये यायचा तो सामन्यांपुरता, आणि सामन्याच्या दिवशी पंचानं कुणाशी बोलायचं नाही, हा नियम. तो पलीकडच्या कोपऱ्यात पायऱ्यांजवळ पेटी घेऊन बसायचा, ती इकडे टेबलाशी. मधे अख्खी रिंग. नजरानजर व्हायची... की दोघंही पटकन नजर काढून घ्यायचे.

एका शनिवारी बोलता बोलता त्या दोघांच्या सामन्याचा विषय निघाला. हातोडा आणि सावली एकमेकांशी एकदाच लढले होते. सावली गुणांवर जिंकला, आणि पंचांमध्ये ती होती. शेवटच्या फेरीत हातोड्यानं सावलीला दोरापाशी कोंडलं आणि ऐन वेळी हात खाली टाकले. दम संपला, असं तिनं तेव्हा मानलं होतं. फेरी सावलीला दिली होती.

डॉक्टर उठला. तिला घेऊन रिकाम्या हॉलमध्ये गेला आणि तिला पायऱ्यांजवळच्या त्याच्या खुर्चीवर बसवलं.

"मी तेव्हा शिकत होतो," तो म्हणाला. "स्वस्तातलं तिकीट होतं, इथंच मागे उभा होतो. तुमच्याकडे सावलीची पाठ होती, पंचबाई. इथून त्याचा चेहरा दिसत होता. भुवई फुटून डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्याला काही दिसत नव्हतं... आणि हातोड्यानं ते पाहिलं."

तिनं समोरच्या दोरांकडे पाहिलं. तिनं दिलेले गुण चुकीचे नव्हते. न मारलेल्या ठोशाला गुण नसतात. पण समोरचा आंधळा झालाय म्हणून जिंकता जिंकता थांबणारा माणूस! त्या क्षणी तिचं मत फिरलं. पुरतं फिरलं. आणि हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगणारा, आपल्याला खिजवायची आयती संधी सोडून देणारा हा डॉक्टर आपल्याला फार आवडतो, हेही तिला तिथंच, त्या मोडक्या खुर्चीवर कळून चुकलं.

मग सांगून टाकायचं ना? तिथंच तर गोची होती. हो म्हटलं, की एकमत. एकमत झालं, की शनिवार संपले. दोघं पुन्हा रिंगच्या दोन टोकांना. तेव्हा बाईसाहेबांनी मान उडवली आणि म्हणाल्या, "तरीही सावलीच."

त्यानंतर ती सावलीची बाजू अशी काही तावातावानं मांडू लागली, की स्वतः सावलीनं ऐकलं असतं तर लाजला असता. गंमत म्हणजे डॉक्टरही हट्टाला पेटला. त्याचे मुद्दे मात्र हल्ली पहिल्यासारखे धारदार राहिले नव्हते. कधी कधी तो मधेच विसरायचा, आणि तिच्याकडे बघतच राहायचा. ती विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही, मुद्दा आठवतोय.

शेवटी मास्तरांची सहनशक्ती संपली. एका शनिवारी ते खोलीत आले ते दार आपटूनच.

"तुमचं भांडण आहे की संसार, तेच मला कळेना," ते म्हणाले. "चित्रकार बाहेर बसलाय. मला आत्ता नाव हवं. नाहीतर पुढच्या शनिवारपासून दुसरी माणसं नेमतो."

 अडून राहिलं तरी शनिवार जाणार, मान्य केलं तरी जाणार. मग जाता जाता खोटं कशाला बोलायचं? एकदा दिलेले गुण तिनं आयुष्यात कधी फिरवले नव्हते. आज फिरवायचे होते.

"हातोडा," ती म्हणाली.

"सावली," तो म्हणाला. त्याच क्षणी.

 मास्तर आधी लेकीकडे बघत होते, मग डॉक्टरकडे, मग पुन्हा लेकीकडे.

"तुम्ही... सावली?" तिनं विचारलं.

डॉक्टर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. त्यानं सांगितलं ते असं. सावलीचं आता शिवणकामाचं दुकान होतं. मधे डॉक्टर तिथं शर्ट शिवायला टाकायला गेला होता. इतकी वर्षं लढून आलेला माणूस पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवत होता, हात जराही हलत नव्हता. अंगावर फारसं काही न घेता आणि कुणाला फार न दुखवता जो धड घरी परततो तोच मोठा, हे डॉक्टर असूनही आपल्याला तेव्हा कुठं उमगलं, असं तो म्हणाला.

"कधी गेला होतात दुकानात?"

"झाले की... बरेच शनिवार."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. एवढे दिवस घालवून ही दोघं नुसती जागा बदलून बसली होती, एकमत काही झालंच नव्हतं. "नाव माझं मीच ठरवतो," असं पुटपुटत ते चित्रकाराकडे गेले. जाताना त्यांनी दार मात्र अगदी हलकेच ओढून घेतलं. भिंतीवर शेवटी कोण लागलं, हे या दोघांनी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

आता खोलीत ती, तो आणि गार झालेला चहा. वादाला विषयच उरला नव्हता.

"मी का गप्प राहिलो, विचारणार नाहीत?" तो म्हणाला.

"नाही."

"का?"

तिच्या भुवया जवळ आल्या नाहीत. या खेपेला ती हसली. "कारण मीही त्याचसाठी गप्प होते," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. शनिवारी आवडतोस, आणि बाकीच्या दिवशीही."

  त्यानं नुसता हात पुढे केला, आणि तिनं तो धरला.

"बोल ना," ती म्हणाली.

"पटलं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."