सैल नाल

ठक, ठक, ठक... किण्.

होबार्टच्या डाव्या बुटाची नाल सैल होती. तिचा एक खिळा कधीच पडून गेला होता, त्यामुळे तो नाचायला लागला की दर चौथ्या पावलाला ती अशी किणकिणायची. व्हर्लिनने तो आवाज शेवटचा ऐकला, त्याला सव्वीस वर्षं झाली.

होबार्ट त्याचा थोरला भाऊ. खाणीतल्या कोळशानं छातीचं खोकं झालेलं. पण शनिवारी संध्याकाळी व्हर्लिनने बँजो उचलला की हा माईकसमोरच्या लाकडी फळीवर उभा. टाळ्या पडायच्या त्या पायांना. बँजोवरच्या हातांना कुणी विचारत नसे. एका शनिवारी व्हर्लिनला ते सोसलं नाही. त्यानं लय चढवली.

ज्यानं गत सुरू केली त्यानंच पाय उचलून ती संपवायची, अशी तिथली रीत. तोवर कुणी थांबत नाही, आणि होबार्ट तर मधेच फळीवरून उतरणाऱ्यांतला नव्हताच. धापा टाकत त्यानं भावाच्या पायाकडे बोट दाखवलं. व्हर्लिनने ते पाहिलं. आणि आणखी तीन फेरे वाजवले.

होबार्ट त्याच रात्री गेला.

"थांब म्हणाला नाही का रे तो?" आयडेला वहिनीनं पुढे एकदाच विचारलं होतं.

"नाही वहिनी."

तेव्हापासून व्हर्लिन संथ गतीच वाजवायचा.

त्या जूनमधल्या शनिवारी ऊन अजून खिडकीत होतं. दर शनिवारी जिथं बैठक जमायची, त्या पेंडीच्या जुन्या दुकानात खुर्च्या भरल्या होत्या. सोमवारी होबार्टची ती जुनी फळी काढून नवी बसवायची होती. आयडेला पहिल्या रांगेत, मांडीवर ॲपल पायची बशी घेऊन बसली होती.

"काका, आज तरी जोरात काढा," फिडल वाजवणारा टॉल्बर्ट म्हणाला. "मागच्या वेळी माझा सासरा घोरत होता. लोकांना वाटलं, खर्जातला चेलोच आणलाय."

लोक हसले. आयडेला हसली नाही.

"व्हर्लिन, होबार्टची गत वाजव," ती म्हणाली. "फळीला शेवटची."

वहिनीला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्यानं गत धरली, बेतानं. फिडल आलं, मागून गिटार आली. दुसऱ्या फेऱ्याला कोळशाचा ओला वास आला. मग फळी वाजली.

ठक, ठक, ठक... किण्.

फळीवर कुणी नव्हतं. नुसतं ऊन पडलं होतं.

"काका..." टॉल्बर्टनं गज न थांबवता मान झुकवली. "कोण नाचतंय?"

व्हर्लिनने गत संपवायला पाय उचलायला घेतला. उचलेना. बुटावर कुणीतरी आपला सगळा भार टाकून उभं राहावं, तसा तो जमिनीला दाबला गेला होता. लय चढत गेली. ती तो चढवत नव्हता. बोटांची कातडी सोलली, छाती भरून आली. कानाशी कुणाची तरी धाप ऐकू येत होती, आणि ती त्याची नव्हती.

एक फेरा. दोन. तीन.

मग पाय सुटला. त्यानं तो उचलला, आणि सगळे थांबले. फळीवर आणखी एकदा किण् झालं, तेवढंच.

टाळ्या पडल्या नाहीत.

आयडेला उठून जवळ आली. ती त्याच्या बुटाकडे पाहत होती. चवड्याच्या कातड्यात नालेची कोर रुतली होती. खिळ्यांचे पाच ठसे होते. सहाव्याची जागा कोरी.

ते बूट होबार्टच्या पायांत घालून, नाड्या बांधून, तिनंच त्याला मातीत ठेवला होता.

"वहिनी," व्हर्लिन फार हळू म्हणाला. "त्यानं खूण केली होती... मी पाहिली होती."

आयडेलानं बशी खुर्चीवर ठेवली. स्वेटर उचलला. दारापाशी गेली, दार उघडलं, आणि मागून कुणीतरी येत असावं तसं ते घटकाभर धरून ठेवलं. मग निघून गेली.