केस बंद करायची राहिली

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण यातलं काही मी रचलेलं नाही. हे माझ्या नलूमावशीबरोबर घडलं, आणि तिची मैत्रीण मृणालिनी आजही तेच सांगते, तस्संच.

गिरणी संपाचं दुसरं वर्ष. परळ. नर्सिंग शाळेतली डेमोची खोली. कातरवेळ.

भोंगे बंद होऊन वर्ष उलटलं होतं. तरी लालबागची माणसं भोंग्याच्या वेळेला दचकून उठायची.

डेमोच्या खोलीत एक खाट होती. खाटेवर रबरी पुतळा. परदेशी, घाऱ्या डोळ्यांचा. मुली त्याच्यावर शिकायच्या. कूस वळवणं, अंग पुसणं, तोंडाने श्वास देणं.

राजलक्ष्मी सिस्टर शिकवायच्या. त्यांचा दंडक असा, की हात लावण्याआधी पुतळ्याशी नाव घेऊन बोलायचं. ते पोतं नाही, पेशंट आहे. काम झालं की कपाळावर हात ठेवून म्हणायचं, "केस बंद. आराम करा."

आणि आणखी एक. घरातल्या जित्या माणसाचं नाव त्याला द्यायचं नाही. हे त्या हळू आवाजात सांगायच्या. मुली हसायच्या. का, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, आणि नलूचे हात पुतळ्यावर थरथरायचे. घरी मात्र कधी नाही. घरी वडिलांना, अप्पांना, तीच उठवायची, तीच वळवायची. अप्पा विणकर. कापसाच्या धुळीने छाती भरलेली. संपात माग थांबले, खोकला थांबला नाही.

म्हणून त्या संध्याकाळी ती पुतळ्याच्या कानाशी वाकली.

"अप्पा, मी आहे. कूस वळवते हं."

हात स्थिर झाले.

मृणालिनी परीक्षक झाली होती. स्टुलावर बसून पाय हलवत, परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मॅडमसारखा नाकातला आवाज काढत. पेशंटला धाप लागली, म्हणाली. मग मजेत, "श्वास थांबला हो सिस्टर. आता काय करणार?"

नलूने रबरी ओठांवर ओठ ठेवून श्वास दिला. छाती वर आली. खाली गेली.

परत आलेल्या हवेला... तंबाखूचा वास होता.

तिने पुन्हा श्वास दिला. तंबाखू, चुना, ओलं सूत.

आणि मग खोलीत कुणीतरी... खोकलं.

मृणालिनीचे पाय हलायचे थांबले. "तू खोकलीस?"

 तो खोकला नलूने भिंतीपलीकडूनही ओळखला असता.

तेवढ्यात दारात शेजारचा चंदू, घामाने निथळत. अप्पांचं काही खरं नाही, चल, म्हणाला. नलू तशीच पळाली.

केस बंद करायची राहिली.

घरी अप्पा उशीला टेकून बसले होते. भोवती शेजारणी. त्या सांगत होत्या, श्वास पार थांबला होता, आम्ही गंगाजल शोधत होतो. आणि छाती आपली आपण वर आली... कुणी फुंकर घालावी तशी.

नलूने हात जोडले. तिला वाटलं, संपलं.

सकाळी चहा पिताना अप्पा कुरकुरले. "गो नलू, माका कोण वळवता कुशीर?"

कुणी वळवत नव्हतं. खोलीत ती एकटीच होती.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड पुसलं. कोरडंच होतं. कोणीतरी गार फडक्याने पुसतंय, म्हणाले. मग चिडलेच. "माका शेवंताबाय कित्याक म्हणतत?"

नलूच्या हातातली कपबशी निसटली.

परीक्षेआधी मुली पुतळ्यावर हात साफ करत असणार. कुणीतरी त्याला शेवंताबाई नाव दिलं असणार. आणि परीक्षेत बाहेरच्या मॅडम नेहमी काय विचारायच्या, ते तिला पाठ होतं.

ती अनवाणी शाळेकडे धावली.

दारातूनच मॅडमचा आवाज आला. "पेशंटचा श्वास थांबलाय." खाटेशी उभी मुलगी घाबरून थिजली होती. पुतळ्याची छाती मात्र भात्यासारखी हलत होती. कुणी हात लावलेला नसताना.

मग छाती... थांबली.

नलू सगळ्यांना ढकलून आत घुसली. आधी श्वास दिला. छाती परत हलेपर्यंत देत राहिली. मग कपाळावर हात ठेवला.

"अप्पा, केस बंद. आराम करा."

पुतळ्याने एक लांब सुस्कारा सोडला. मॅडम म्हणाल्या, रबरातली हवा. आणि रांग मोडली म्हणून मावशीला नापास केलं.  राजलक्ष्मी सिस्टरांनी पुतळ्यावर चादर ओढली आणि खिडकी उघडली.

मावशी पुढच्या खेपेला पास झाली. अप्पा पुष्कळ जगले, पुष्कळ कुरकुरले. पण त्यांना पुन्हा कुणी वळवलं नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून मीही चहाबरोबर चवीने सांगायचे. आजपर्यंत.

मावशी आता माझ्याकडे असते, चिंचपोकळीला. माझी लेक शर्वरी पुण्याला नर्सिंग शिकते. त्यांचा पुतळा कॉम्प्युटरवर चालतो. खोकतो, घामाघूम होतो, बटण दाबलं की श्वास थांबवतो. मावशीने तिला हे सगळं सांगितलं होतं. ती हसली होती.

आज दुपारी मी भाजी निवडत होते. मावशी खिडकीशी पडली होती.

"माझी कूस कोणी गं वळवली?"

घरात आम्ही दोघीच.

मी फोन लावत राहिले. संध्याकाळी शर्वरीने उचलला. आवाजात नुसता आनंद. "आई, हात कापत होते गं. मग नलूआजी म्हणून हाक मारली, आणि लगेच थांबले."

मी विचारलं, केस बंद केलीस का?

"आमच्याकडे तसलं काही नसतं. सर बटण बंद करतात."

आत्ताच जाऊन कर म्हटलं, तर खोलीची किल्ली सरांकडे. आणि उद्या सकाळी त्याच पुतळ्यावर तिच्या आधी दुसरी बॅच आहे.

मावशीचा डोळा लागलाय. मी शेजारी बसलेय... तिच्या छातीकडे बघत.