घसरलेली रेघ

इंग्रजीच्या वर्गात ती उशिरा पोचली, तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती... त्याच्या शेजारची. ती रुग्णालयात नर्स, तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. बाईंनी फळ्यावर बिस्किटांच्या खपाचा आलेख काढला आणि जोडीजोडीनं वर्णन करायला सांगितलं. रेघ मध्येच धाडकन खाली आली होती. ती बघताच नर्स खुर्चीतून अर्धी उठली.

"शार्प फॉल," तो कुजबुजला. "पुढे बोला ना."

"कॉल द डॉक्टर!" ती ओरडलीच.

अख्खा वर्ग खो खो हसला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अतिदक्षता विभागात इतकी वर्षं काढलेल्या माणसानं खाली जाणारी रेघ बघून दुसरं काय म्हणायचं? तो मात्र हसला नाही.

"बिस्किटं वाचतील हो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आधी श्वास घ्या."

मग वर्ग सुटल्यावर दोघं जिन्यात बसून सराव करू लागले. लिफ्टवाला आणि जिन्यात! 'ग्रॅज्युअल राइज', 'लेव्हल्ड ऑफ', 'फ्लक्च्युएटेड'... ती चुकली की तो नुसती एक भुवई उडवायचा आणि हिची पुढची दोन वाक्यं चुकायची. तिची परदेशातली नोकरी इंग्रजीच्या परीक्षेवर होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर. नापास झाले तर, या विचारानं तिला घाम फुटायचा. हल्ली मात्र त्याहून वाईट विचार यायचा. पास झाले तर?

तिच्या परीक्षेच्या सकाळी तो केंद्राच्या दाराशी तिची वाट बघत उभा होता. ती हॉलतिकीट तिसऱ्यांदा तपासत होती.

"घाबरलात?"

"खूप. आणि तुम्ही का इतके गप्प?"

"खरं सांगू? परवा मनात आलं... तुम्ही नापास व्हावं." त्यानं मान खाली घातली. "माझीच मला लाज वाटली. म्हणून काल दुप्पट सराव घेतला."

ती एक पाऊल पुढे आली. "आणि पास झाले तर?"

"तर जायचं. मी थांबा म्हणणार नाही."

आतून तिचा नंबर पुकारला गेला. ती दाराकडे वळली... पण आत्ता नाही बोललं तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

"मग मी म्हणते. मला तुम्ही आवडता आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. दोन वर्षांचा करार आहे तिकडचा... थांबाल?"

"थांबेन," तो म्हणाला.

तिनं दार ढकललं आणि सगळ्या भीतीसकट आत गेली.